वर्ष कुठे सुरू होते? लडाखचा लोसर आणि म्हसवडचा रथ

दिवाळी सरते, पहाटेचा गारवा अंगाला झोंबू लागतो, आणि आपल्याकडच्या मोठ्या शहरांतून लोकरी कपड्यांची दुकाने ओळीने लागतात. स्वेटर, कानटोप्या, शाली. दुकानात बसलेली माणसे गोरी, बारीक डोळ्यांची, आपसात वेगळीच भाषा बोलणारी. पण भाव सांगताना मराठी आकडे चोख बोलतात. ही तिबेटी माणसे. १९५९ साली दलाई लामा ल्हासा सोडून भारतात आले आणि त्यांच्यामागोमाग हजारो तिबेटी कुटुंबे आली. कर्नाटकात बैलकुप्प्याला आणि मुंडगोडला त्यांच्या मोठ्या वसाहती झाल्या. आपल्या महाराष्ट्रातही एक झाली. गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावची ही वसाहत १९७२ साली वसली, तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. तिचे नाव नोर्गेलिंग.

थंडीचे तीन-चार महिने ही माणसे घर सोडून गावोगाव विक्री करतात. संक्रांत उलटली की माल बांधू लागतात. का, म्हणून विचाराल तर उत्तर येईल, ‘घरी जायचं, आमचा लोसर आला.’

‘लो’ म्हणजे वर्ष, ‘सर’ म्हणजे नवे. लोसर म्हणजे त्यांचा पाडवा. तो फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला येतो. त्या दिवशी घर झाडून-पुसून झालेले असते, नवे कपडे अंगावर असतात, आणि दूर गेलेले माणूस शक्य असेल तर उंबऱ्याच्या आत असते. आपल्याला ही गोष्ट निराळी समजावून सांगायला नको. ज्या मुलखातला कर्ता माणूस वर्षाचे आठ-दहा महिने परगावी असतो, त्या मुलखाला घरी परतण्याचा दिवस कसा असतो ते ठाऊक आहे.

आज आपल्याला या परतण्याच्या दिवसाचा इतिहास पाहायचा आहे. त्यासाठी आधी थोडे दूर, लडाखला जाऊ. तिथून परत येऊन माणदेशात, म्हसवडला जाऊ.

लडाखमध्ये बौद्ध लोक बरेच. तेही लोसर करतात. पण गंमत अशी, की ल्हासाकडच्या लोकांचा लोसर येण्याआधी दोन महिने त्यांचा होऊन जातो. तिबेटी पंचांगाच्या अकराव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी, ऐन हिवाळ्यात, डिसेंबरमध्ये किंवा फार तर जानेवारीच्या आरंभी. त्याच्या पाच-सहा दिवस आधी गाल्दन नामचोत नावाचा दिव्यांचा सण येतो. धर्मसुधारक त्सोंखापा यांचे १४१९ साली निर्वाण झाले, त्यांच्या स्मरणार्थ गच्च्यांवर आणि मठांवर दिवे लागतात. तिथून लोसरची चाहूल लागते. घरोघर कणकेचे रानबोकड करून स्वयंपाकघरात मांडतात. मेलेल्या वाडवडिलांना घास पोचवतात. आदल्या रात्री पेटते पलिते घेऊन माणसे आरडाओरडा करीत गावाबाहेर जातात आणि सरत्या वर्षाची इडापिडा बाहेर टाकून येतात.

त्या वेळी तिथली थंडी म्हणजे काय, तर लेहला पारा शून्याच्या खाली वीस अंशांपर्यंत उतरतो. ओढे गोठतात. जमीन दगडासारखी होते. उन्हाळ्यात तिकडे प्रवासी पुष्कळ जातात, पण लोसर पाहायचा तर या थंडीत जावे लागते. मग मनात येते, असल्या थंडीत नवे वर्ष मांडायचे कुणाला सुचले असेल?

लडाखी लोक याची एक गोष्ट सांगतात. सतराव्या शतकाच्या आरंभी तिथे जाम्यांग नामग्याल नावाचा राजा होता. त्याला बाल्टिस्तानवर, म्हणजे स्कर्दूच्या बाजूला, स्वारी करायची होती. जाणत्यांनी सांगितले, नवे वर्ष लागण्याआधी स्वारी शुभ नाही. राजाला थांबायचे नव्हते. तो म्हणाला, मग नवे वर्षच आधी करू! लोसर दोन महिने अलीकडे ओढला, सण केला आणि फौज निघाली. स्वारीचे पुढे बरे झाले नाही. राजा हरला, कैद झाला, आणि शेवटी स्कर्दूच्या अली मीर या राजाच्या मुलीशी, ग्याल खातूनशी, लग्न होऊन परत आला. पण लोसर अलीकडे आला तो आलाच.

गोष्ट छान आहे. आपणही ती मुलांना सांगावी. पण इतिहासाच्या वाटेने जाणाऱ्याने इथे जरा थांबावे. तिबेटच्या आग्नेय भागात कोंगपो नावाचा प्रांत आहे. तिथला लोसर दहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे आणखी एक महिना अलीकडे. आणि तिथले लोक काय सांगतात? आमची माणसे लढाईला निघाली होती, सण चुकू नये म्हणून तो आधी केला! लेह आणि कोंगपो यांच्यामध्ये शेकडो कोस अंतर, पण कारण मात्र एकच. अशी एकच गोष्ट दोन ठिकाणी भेटली की समजावे, चाल आधीची असावी आणि गोष्ट मागाहून तिला चिकटली असावी. हिमालयाच्या पट्ट्यात पुष्कळ ठिकाणी हिवाळ्यातल्या या लोसरला ‘सोनम लोसर’, म्हणजे शेतकऱ्यांचे नवे वर्ष, म्हणतात. फेब्रुवारीतला तो राजाचा आणि मठांचा, डिसेंबरातला तो शेतकऱ्याचा.

शेतकऱ्याचा का, हे आपल्यासारख्यांनी लगेच ओळखावे. तिकडे एकच पीक, सातूचे. उन्हाळा संपता संपता ते निघते, मळणी होते, कणग्या भरतात. मग जमीन गोठते आणि वसंतापर्यंत नांगराला हात लावता येत नाही. खळे रिकामे, घर भरलेले, माणूस मोकळा. वर्षाचा हिशेब मिटवायला आणि नवा मांडायला याहून सोयीची वेळ कोणती?

आता कोणी म्हणेल, हे त्यांचे झाले, आपला पाडवा तर चैत्रातला! खरे आहे. पण आपल्याही घरात एकच पाडवा आहे का, बघा. गुढी उभारतो चैत्र शुद्ध प्रतिपदेला, शालिवाहन शकाचे वर्ष तेव्हा बदलते. वाण्याची नवी वही मात्र दिवाळीच्या पाडव्याला निघते, कारण गुजरातेकडच्या विक्रम संवताचे वर्ष कार्तिकात लागते. जुन्या मराठी कागदांत आणखी तिसरेच वर्ष भेटते. पेशवे दफ्तरातले पत्र उघडले तर वर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे काहीतरी लिहिलेले असते. ही अरबी आकड्यांतली सन ११६१, म्हणजे इसवी १७६०–६१. पानिपतचे साल. ही सन लागायची सूर्य मृग नक्षत्रात गेल्यावर, आपल्या भाषेत ‘मृग निघाला’ की. पेरणीचा आणि वसुलीचा हिशेब तिथून चालायचा, म्हणून सरकारी वर्षही तिथूनच.

आणि राजाने वर्ष सुरू केल्याची गोष्ट आपल्याकडे दंतकथा नाही, कागदोपत्री आहे. शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, ६ जून १६७४ रोजी, रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला आणि राज्याभिषेक शक सुरू झाला. पुढे सातारच्या छत्रपतींच्या कागदांवरही तो शक लिहिला जाई. तेव्हा जाम्यांग नामग्यालाला हसू नये. कालगणनेवर सत्तेचा शिक्का उमटवणे ही जगभरची रीत आहे. इंग्लंडातसुद्धा १७५२ पर्यंत कायद्याचे वर्ष २५ मार्चला लागत असे, मग कायदा करून ते १ जानेवारीला आणले.

या सगळ्या पाडव्यांच्याही मागे एक जुना पाडवा आहे, आणि तो हिवाळ्यातला आहे. मार्गशीर्ष महिन्याला संस्कृतात दुसरे नाव आहे ‘आग्रहायण’. ‘हायन’ म्हणजे वर्ष, ‘अग्र’ म्हणजे आधीचे, पहिले. ज्याच्यापाशी वर्षाची सुरुवात तो आग्रहायण. बंगाली माणूस आजही या महिन्याला ‘ओघ्रान’ म्हणतो आणि नव्या भाताचा सण करतो. अमरकोशात महिन्यांची नावे दिली आहेत, ती मार्गशीर्षापासून. गीतेत भगवंतांनी महिन्यांपैकी मार्गशीर्षाला आपले रूप म्हटले आहे. इसवी १०३० च्या सुमारास अल्बेरुणी या परदेशी पंडिताने हिंदुस्थानची माहिती लिहिली. त्यात तो सांगतो, की वायव्येकडच्या काही प्रांतांत वर्ष मार्गशीर्षात लागते. सिंध आणि कनौजकडेही तशीच चाल आहे असे त्याला मुलतानच्या लोकांनी सांगितले. खुद्द मुलतानकरांनी मात्र थोड्याच वर्षांपूर्वी ती सोडून काश्मीरसारखा चैत्र धरला होता. म्हणजे हजार वर्षांपूर्वी हा बदल चालू होता आणि माणसांना तो आठवत होता.

या प्रश्नावर आपल्या मराठी माणसांनी मोठे काम करून ठेवले आहे. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’ हा ग्रंथ लिहिला. आग्रहायण या नावाचा आणि मृग नक्षत्राविषयीच्या वैदिक उल्लेखांचा ऊहापोह करून त्यांनी वेदांचा काळ इसवीसनापूर्वी सुमारे चार हजार वर्षांपर्यंत मागे नेला. त्यांचे अनुमान सर्वांना पटले नाही, पण प्रश्नाचे मोल सर्वांनी मानले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचे ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ १८९६ साली निघाले, तेही मराठीत. शिक्षक वाचकांना मुद्दाम सांगतो, दीक्षित तुमच्याच पेशाचे होते. शाळेत शिकवता शिकवता त्यांनी हा हजारो वर्षांचा हिशेब मांडला.

तिबेटी पंचांगाची आणि आपली नाळही इथेच जुळते. कालचक्र या संस्कृत ग्रंथाबरोबर आपले तिथींचे आणि अधिक मासाचे गणित तिबेटात गेले. तिथे साठ वर्षांचे एक चक्र मोजतात, त्याला ‘रब्जुंग’ म्हणतात. पहिले रब्जुंग १०२७ साली सुरू झाले, सतरावे १९८७ साली. आता आपल्या संवत्सरांची नावे आठवा. प्रभव, विभव, शुक्ल अशी तीही साठच. आपला गेला प्रभव संवत्सर कोणता? शके १९०९, म्हणजे १९८७ चाच! आणि रब्जुंग हा शब्द म्हणजे ‘प्रभव’ शब्दाचेच तिबेटी भाषांतर आहे. पाडव्याला देवळात जोशीबुवा संवत्सरफल वाचतात तेव्हा ज्या यादीतले नाव ते उच्चारतात, तीच यादी स्वेटर विकणाऱ्या त्या माणसाच्या घरीही आहे.

हे सारे मनात ठेवून आता आपण प्रवासाला निघू. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, आपल्याकडच्या देवदिवाळीला, म्हसवडला.

सातारकडून येणाऱ्याने कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले असे पंढरपूरच्या रस्त्याने यावे. सांगलीकडून येणाऱ्याला तासगाव, विटा, आटपाडी, दिघंची अशी वाट आहे. दोन्ही वाटांवर एक गोष्ट दिसते. कृष्णाकाठचा ऊस मागे पडतो, झाडी विरळ होते, माळ उघडा पडतो. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यात माण तालुक्याला पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक बरे वर्ष म्हणतात. म्हसवडच्या खाली राजेवाडीचा मोठा तलाव आहे, त्याचे काम १८७६–७७ च्या दुष्काळात निघाले. या भागात तलावसुद्धा दुष्काळाची आठवण सांगतो. पहाटे माळावर धुके असते, शाळू गुडघ्याएवढा झालेला असतो, आणि मेंढरांच्या कळपामागे घोंगडी पांघरलेला धनगर दिसतो. म्हसवडची घोंगडी फार दिवसांची नावाजलेली.

म्हसवड माणगंगेच्या काठी. दैवत सिद्धनाथ आणि जोगेश्वरी. इथला सोहळा एका दिवसाचा नाही. दिवाळीच्या पाडव्याला घट बसतात. तिथून बारा दिवस काही भक्त ‘उभे नवरात्र’ धरतात. बारा दिवस बसायचे नाही, आडवे व्हायचे नाही. पाय सुजतात, डोळे जडावतात, पण माणूस उभा राहतो. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास, कार्तिकातल्या द्वादशीला, नाथाचे जोगेश्वरीशी लग्न लागते. आणि मार्गशीर्ष लागला की पहिल्याच दिवशी नवरानवरीची वरात रथातून निघते. मोठा लाकडी रथ, त्याला दोर लावून ओढणारी शेकडो माणसे, गुलाल आणि खोबऱ्याची उधळण, गजीचे ढोल, आणि एकच गजर, ‘सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं!’ संध्याकाळपर्यंत रस्ता, माणसे, जनावरे, सगळे गुलालाने लाल.

इथे मी एक खबरदारी घेतो. मार्गशीर्षाचा पहिला दिवस हा कधीकाळी वर्षाचा पहिला दिवस होता, म्हणून म्हसवडचा रथ हा त्या जुन्या पाडव्याचा अवशेष आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्याला पुरावा नाही. गाव सांगते, ही वरात आहे. ते आपण मानावे. कोंगपोच्या आणि लेहच्या गोष्टीपाशी आपण जसे थांबलो, तसे आपल्या स्वतःच्या आवडत्या कल्पनेपाशीही थांबायला हवे. नाहीतर तो इतिहास कसला!

पण दुसरी एक गोष्ट आहे, तिला पोथीचा पुरावा लागत नाही, कॅलेंडर पुरते. या दिवशी माणदेशाच्या शेतात काय चालू असते? बाजरी निघून घरात आलेली, शाळू पेरून उगवलेला, राखणीला अजून अवकाश. दोन हंगामांच्या मधली ही फट. लडाखी शेतकऱ्याचा लोसर जसा मळणी आणि नांगरट यांच्या मध्ये येतो, तशी ही यात्रा दोन पिकांच्या मध्ये येते. लडाखचा लोसर आणि म्हसवडचा रथ कधी एकाच सुमारास येतात, कधी महिन्याच्या अंतराने, कारण दोन पंचांगांत अधिक महिना एकाच वेळी पडतो असे नाही. पण दोन्ही सणांची जागा कामाने ठरवलेली आहे. तिबेटी विक्रेत्याचा लोसरसुद्धा असाच सोयीचा. थंडी ओसरते, स्वेटरचे गिऱ्हाईक संपते आणि सण येतो.

आणि या फटीत कोण येते, तेही बघा. खानापूर, आटपाडी, माण या तालुक्यांतली माणसे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात साऱ्या हिंदुस्थानभर पसरली आहेत. तमिळनाडूत असोत की आसामात, गावाच्या यात्रेला ती येतात. मुंबईच्या गोदीत आणि बाजारात ओझी उचलणारा येतो. भाऊबंदकीतला तंटा मिटवायचा, पोरीचे जमवायचे, घराची भिंत उभारायची, म्हाताऱ्या आईला डोळे भरून पाहायचे, हे सगळे यात्रेच्या चार दिवसांत. देवाचे दर्शन घेताना माणसांचेही दर्शन होते. माणदेशी कुटुंबाचे खरे वर्ष इथे संपते आणि इथेच सुरू होते, मग कॅलेंडर काही म्हणो.

मात्र एक जण या दिवशी बहुधा नसतो. तो म्हणजे ऊसतोडणी कामगार. साखरेचे वर्ष १ ऑक्टोबरला लागते आणि दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांची धुराडी पेटतात. माण, आटपाडी, जत इथल्या कोरडवाहू गावांतली जोडपी कृष्णा-वारणेच्या उसाच्या फडात जातात. रथाचा दोर ओढायच्या दिवशी त्यांच्या हातात कोयता असतो. बरोबर त्यांची पोरेही जातात. शाळेचे वर्ष जूनमध्ये लागते, साखरेचे ऑक्टोबरात. या दोन वर्षांचा मेळ बसत नाही आणि त्याची किंमत पोर मोजते. गुरुजी, तुमच्या हजेरीपटावर दिवाळीनंतर ज्या नावांपुढे ‘गैरहजर’ पडू लागते, ती नावे आठवा. तो आळस नसतो. त्या घरात वेगळेच वर्ष चालू झालेले असते.

पूर्वी काही ठिकाणी फडाजवळ साखरशाळा निघाल्या, गावात मुले राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे निघाली. कुठे चालली, कुठे बंद पडली. पण त्यामागचा विचार सरळ होता. ज्याला शाळेपर्यंत येता येत नाही, त्याच्याकडे शाळेने जावे.

आणि हा विचार आपल्या मातीला नवा नाही. म्हसवडहून दक्षिणेला, सांगली जिल्ह्यात, आटपाडी तालुक्यात खरसुंडी आहे. तिथेही सिद्धनाथच. पौषात तिथे यात्रा भरते, खिलार जनावरांचा मोठा बाजार लागतो, पार कर्नाटकातून शेतकरी खोंड घ्यायला येतात. म्हसवडचा नाथ खरसुंडीला कसा आला? परंपरा सांगते, की एक गवळी भक्त म्हसवडची वारी करीत असे. पुढे तो म्हातारा झाला, चालवेना. तेव्हा देव म्हणाला, तुला येववत नाही ना, मग मीच येतो. आणि नाथ खरसुंडीला आला.

ही कथा आहे, हे मी जाणतो. लोसर अलीकडे ओढणाऱ्या राजाच्या गोष्टीइतकीच ती कथा. पण कथा कोणी रचल्या आणि कशासाठी जपल्या, हाही इतिहासच. एका मुलखाने लढाईला निघालेल्या माणसाचा सण चुकू नये म्हणून सण पुढे आणल्याचे सांगितले. दुसऱ्या मुलखाने थकलेल्या माणसासाठी देव चालत आल्याचे सांगितले. दोन्हीकडे सांगणाऱ्यांची कळकळ एकच होती: कोणी मागे राहू नये.

तेव्हा वाचकहो, या हिवाळ्यात एकदा म्हसवडला जा, जमले तर पौषात खरसुंडीलाही. नुसता गुलाल उडवून येऊ नका. शेजारी दोर ओढणाऱ्याला विचारा, कुठून आलास, किती दिवसांनी आलास, कधी जाणार. त्याच्या उत्तरात तुम्हाला या मुलखाचा शंभर वर्षांचा इतिहास सापडेल.

आणि गुरुजींना एक विनंती. चौथी-पाचवीच्या मुलांना एक काम द्या. आपल्या गावात कोणाचे वर्ष कधी सुरू होते, ते घरोघर विचारून लिहून आणायला सांगा. सालगड्याचे साल पाडव्याला, दुकानदाराचे दिवाळीला, पेरणाऱ्याचे मृगाला, तोडणीवाल्याचे पहिल्या मोळीला, धनगराचे मेंढरे हलतात त्या दिवशी, बाहेरगावच्या चुलत्याचे यात्रेला. फळ्यावर बारा महिने लिहा आणि प्रत्येकाचे वर्ष आपापल्या महिन्यासमोर मांडा. मुलांना कालगणना समजेल. शेजारी बसणारे पोर दिवाळीनंतर वर्गात का दिसत नाही, तेही समजेल. आणि बाजारात स्वेटर विकणारी बाई संक्रांतीनंतर दुकान का आवरते, हे त्यांना कोणी सांगावे लागणार नाही.

पुढच्या थंडीत तिच्याकडे स्वेटर घ्यायला गेलात तर भाव करा, खुशाल करा. पण जाताना तिला विचारा, ‘ताई, यंदा लोसर कधी?’